काकडीची परीक्षा

डॉक्टर म्हणाल्या, "आता पथ्य नाही. त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या."

माझी धाकटी बहीण बाहेर बाकावर बसली होती. आत आम्ही दोघं होतो, मी आणि तिचा नवरा. ते गाडी चालवायला शिकवतात, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मीही.

"कच्चंसुद्धा?" मी विचारलं.

"कच्चंसुद्धा."

"पण पांढऱ्या पेशी दोनशेच आहेत." रिपोर्ट माझ्या हातात होता. मागच्या आठवड्यात त्या सहाशे होत्या.

"हो," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आणि थांबू नका. आज मागितलं तर आज द्या."

मास्तरांचा पाय जमिनीवर दाबला गेला. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसतात तेव्हा त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, आणि अठरा वर्षांत त्या पायाला सवय लागली आहे. दूध उतू जायला लागलं तरी आधी त्यांचा पाय दाबला जातो, मग हात पुढे होतो. बहीण त्यावरून त्यांना खूप चिडवायची. त्या दिवशी पाय बराच वेळ दाबलेला राहिला.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी रिपोर्टची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

बहिणीला लहानपणापासून आम्ही खार म्हणतो. जेवायला बसायच्या आधी ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या गाजर, कोबीचा दांडा, मुळा, जे हाताला लागेल ते कुरतडायची. आई म्हणायची, हिला ताट कशाला वाढता, हिला भाजीच्या टोपलीत बसवा. मोठी झाल्यावरही तिचं तेच. तिच्या लेखी जेवणाचे दोनच प्रकार होते, आवाज होणारं आणि आवाज न होणारं. कोणी एखाद्या काकडीला कुरकुरीत म्हटलं की ती लगेच दुरुस्त करायची: "कुरकुरीत तळलेलं असतं. कच्चं असतं ते करकरीत."

तिच्या रक्ताचा आजार कळला त्याला पाच महिने झाले होते. औषधांनी पांढऱ्या पेशी इतक्या खाली आल्या की साधा जंतूही तिला पुरे झाला असता. म्हणून कच्चं बंद. सगळं शिजलेलं, उकडलेलं, गरम. दवाखान्यातून अर्ध्या पानाची यादी मिळाली होती. मी ती घरी आणून दोन पानांची केली आणि फ्रिजच्या दारावर चिकटवली. माझं कामच ते आहे. मी अन्न आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे, बावीस वर्षं जंतू मोजते. लोकांना पालेभाजी दिसते, मला तिच्यावर काय काय बसलेलं असेल ते दिसतं. आजारपण सुरू झालं तशी मी तिच्याच घरी राहायला आले, आणि त्या घरात काय शिजेल, कोण कशाला हात लावेल, हे मी ठरवू लागले.

मास्तरांनी एकदाच यादी मोडली. दुसऱ्या महिन्यात त्यांनी तिला कोपऱ्यावरून मोसंबीचा रस आणून दिला. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. तो रसामुळे आला असेल असं नाही. त्या औषधानंतर आठव्या-दहाव्या दिवशी ताप येतोच, हे मला माहीत होतं. पण मी ते त्यांना सांगितलं नाही. मी त्यांना दवाखान्याच्या जिन्यात उभं करून विचारलं, "तुम्हाला बायको हवी आहे की नको?" तेव्हापासून ते तिला पाण्याचा घोटही मला विचारल्याशिवाय देत नव्हते.

तर सोमवारी संध्याकाळी आम्ही घरी आलो, आणि पलंगावर टेकायच्या आधीच बहीण म्हणाली, "मला सॅलड पाहिजे."

तिला कोणी काय सांगितलं होतं, मला माहीत नाही. मास्तरांनी रिक्षात तिचा हात धरला होता, तेवढं मी पाहिलं होतं.

"काय काय घालू?"

"काकडी. मुळा. गाजर. कोबी, पण आतला, पांढरा. हिरवं सफरचंद, आंबट असलेलं. आणि डाळिंब." ती बोटांवर मोजत होती. "पातळ चिर. फार पातळ नको, आवाज यायला हवा. आणि ताई, उकडू नकोस हं. तुझा काही नेम नाही."

"करते."

"आत्ता?"

"भाजी आणते आधी."

मी भाजी आणली. प्रत्येक काकडी हातात घेऊन, टोकाला दाबून पाहिली. घरी येऊन सगळं तीनदा धुतलं: साध्या पाण्यात, मग जंतुनाशक घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं, मग उकळून गार केलेल्या पाण्यात. शेवटच्या धुण्याचं पाणी निर्जंतुक बाटल्यांत भरलं आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या. काकडी. मुळा. गाजर. कोबी. सफरचंद. धुतलेली भाजी स्वच्छ फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली.

बहीण दारात येऊन उभी राहिली होती. भिंतीला एक हात टेकून.

"हे काय?"

"उद्या सकाळी प्रयोगशाळेत नेणार. प्लेटा लावते, त्यांवर जंतू वाढतात का ते बघते. बुधवारी संध्याकाळी कळेल."

"बुधवारी?"

"अठ्ठेचाळीस तास लागतात. म्हणजे कमीच भरतील, पण चालेल."

ती हसायला लागली. हसताना तिला धाप लागली तरी हसत राहिली. "अहो, ऐकलंत का? ताई काकडीची परीक्षा घेतेय. नापास झाली तर पुढच्या वर्षी बसवणार."

मास्तर हसले नाहीत. ती आत गेल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, डॉक्टर काय म्हणाल्या, ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं. पेशी दोनशे आहेत."

"त्या म्हणाल्या, थांबू नका."

"मास्तर, सहाशे होत्या तेव्हा आपण तिला कच्चं दिलं नाही. दोनशेला देऊ?"

हिशेब चोख होता. मी बाटल्या पिशवीत भरल्या.

मंगळवारी मी नेहमीपेक्षा एक तास आधी प्रयोगशाळेत गेले. बाटल्यांतलं एकेक मिलिलिटर पाणी प्लेटांवर घातलं, ऊबपेटीत ठेवलं, दारावर वेळ लिहिली. आठ वाजून दहा मिनिटं. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाई आल्या तेव्हा त्यांना माझ्या वहीत नवीन ओळ दिसली.

"हे कोणाचं सॅम्पल? हॉटेलचं का?"

"घरचं."

"तुमच्या घरची काकडी आजारी आहे की काय?" त्या हसल्या. मग माझा चेहरा पाहून थांबल्या. "बहिणीसाठी?"

"तिला कच्चं खायचं आहे."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर हो म्हणाल्या."

बाईंनी चष्मा काढला. त्यांची आई याच आजारात गेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "मग घरी जा ना," त्या म्हणाल्या. "रजा टाका. घरी जा आणि तिला काकडी द्या."

"बुधवारी निकाल येतो."

"कसला निकाल हो? सोमवारच्या धुण्याच्या पाण्याचा. भाजी तर फ्रिजमध्ये पडून आहे. बुधवारी ती वेगळीच भाजी असणार. हे मी तुम्हाला सांगायचं का?"

त्यांचं बरोबर होतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळेल इतकं बरोबर होतं. मी त्यांना म्हणाले, "नाही केलं तर मला चैन पडणार नाही." दुपारी त्यांनी माझ्या टेबलावर त्यांच्या डब्यातली दोन केळी ठेवली.

मंगळवारी बहीण बरी होती. हे मला लिहायलाच हवं. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, केसांच्या जागी बांधलेला रुमाल बदललेला होता. समोरच्या इमारतीत कोणीतरी कपाट वर चढवत होतं आणि ते जिन्यात अडकलं होतं. ती तासभर ते बघत होती.

"ताई, पैज. पाय काढावे लागणार त्याचे."

"कपाटाचे?"

"नाही, माणसाचे." ती स्वतःच हसली. "मला भूक लागलीय गं. खरीखुरी. तोंडाला पाणी सुटलंय."

मी तिला उकडलेला लाल भोपळा आणि मऊ भात दिला. तिने ते सगळं खाल्लं. खाताना तिने एकदा फ्रिजकडे पाहिलं. "तुझ्या विद्यार्थिनी आत काय करतायत?"

"उद्या."

"नक्की ना?"

"नक्की."

मास्तर ओट्याजवळ उभे होते. त्यांनी फ्रिज उघडला, पाण्याची बाटली काढली, दार उघडंच ठेवून आत बघत राहिले. मग बंद केलं.

बुधवारी दुपारी चार वाजता मी प्लेटा काढल्या. नियमाप्रमाणे सोळा तास कमी भरत होते. उजेडासमोर धरून मोजल्या. काकडीची प्लेट कोरी. गाजराच्या प्लेटवर दोन ठिपके, कोबीच्या सात, बाकी कोऱ्या. त्रास देणाऱ्या जातीचा एकही नाही. इतका स्वच्छ निकाल मी हॉटेलांच्या भाज्यांत कधी पाहिला नव्हता. मी तो वहीत लिहिला आणि खाली सही केली.

घरी आले तेव्हा मास्तर म्हणाले, "सकाळपासून झोपून आहे. दुपारी उठवलं, दोन चमचे पाणी घेतलं. बोलणं जरा जड झालंय."

"डॉक्टरांना फोन केलात?"

"केला."

"काय म्हणाल्या?"

उत्तराला न थांबता मी हात धुवायला गेले.

भाजी दोन दिवसांत थोडी मऊ पडली होती. त्याला उपाय आहे. करकरीतपणा म्हणजे दुसरं काही नसतं, पेशींमध्ये दाबून भरलेलं पाणी असतं. भाजी कोमेजते तेव्हा ते पाणी गेलेलं असतं, आणि बर्फाच्या पाण्यात ठेवली की पेशी ते परत ओढून घेतात. मी मोठ्या पातेल्यात बर्फ टाकला. मुळ्याच्या चकत्या केल्या, आरपार उजेड दिसेल इतक्या, पण वाकवल्या तर मोडतील इतक्या. गाजराच्या काड्या. कोबीचा बाहेरचा हिरवा भाग बाजूला काढून आतला पांढरा बारीक उभा चिरला, दांडा वेगळा कापला, कारण तिला तो सगळ्यात आवडायचा. काकडीच्या बिया चमच्याने काढल्या. बियांजवळचा गर बाकी सगळं ओलं करतो. वीस मिनिटांनी पाण्यातून एक चकती उचलली आणि दोन बोटांत मोडली. टक्क आवाज झाला.

सगळं चाळणीत निथळलं, मग फडक्यावर पसरून कोरडं केलं. ओलं राहिलं तर लिंबू पातळ होतं. सफरचंद शेवटी चिरलं आणि लगेच लिंबाच्या रसात घोळलं, म्हणजे काळं पडत नाही. डाळिंबाचे दाणे काढताना एकही दाणा फुटू दिला नाही. मीठ मी बाजूला छोट्या वाटीत ठेवलं. मीठ आधी घातलं की पाणी सुटतं, ते ताटातच घालायचं.

मी हे सगळं पाऊण तासात केलं. माझा हात कुठेही घाईत नव्हता. आयुष्यात मी याहून चांगलं काही केलं असेल असं मला वाटत नाही.

काचेचा वाडगा घेऊन मी तिच्या खोलीत गेले. मास्तरांनी तिला उशांना टेकवून बसवलं होतं. तिचे ओठ सुकून फाटले होते. तिने डोळे उघडले, वाडग्याकडे पाहिलं.

"किती रंग," ती म्हणाली. शब्द ओढत, पण स्पष्ट.

"पास झाली, खार. एकही वाईट जंतू नाही."

"माझ्यात?"

"काकडीत."

तिच्या तोंडाची एक बाजू हलली. तिला हसायचं होतं.

तिने हात पुढे केला आणि वाडग्यात बोटं घातली. घेतलं काही नाही, नुसती बोटं ठेवली. "गार आहे." मग सफरचंदाची एक फोड उचलली. ती तिच्या बोटांतून दोनदा निसटली. मास्तरांनी ती उचलून तिच्या ओठांत ठेवली.

आम्ही दोघं तिच्या जबड्याकडे बघत होतो. तो एकदा हलला. दात फोडीवर टेकले असावेत. मग ती थांबली, डोळे मिटले, आणि फोड गालात तशीच धरून राहिली. लाळ ओठाच्या कोपऱ्यातून उतरली. तिला ठसका लागला. मास्तरांनी तिला पुढे वाकवून पाठीवर हात ठेवला, आणि मी हात तिच्या तोंडाखाली धरला. फोड माझ्या तळहातावर पडली. मी ती पाहिली. तिच्यावर दाताची खूण नव्हती.

"थोड्या वेळाने खा," मी म्हणाले. "मी किसून आणते. रस काढते."

"नको. रस नको." तिने मान उशीवर टाकली. डोळे मिटूनच म्हणाली, "ताई, काल मी खाल्लं असतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. कपाट जिन्यात अडकलंय हे सांगताना जसा होता, तसाच आवाज होता. मग तिला झोप लागली.

मी वाडगा घेऊन स्वयंपाकघरात आले. मास्तर मागून आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. त्यांनी वाडग्यातली गाजराची एक काडी उचलली, मोडली, आणि न खाता परत ठेवली.

"ताई, एक विचारू? डॉक्टर सोमवारी बोलल्या तेव्हा तुमच्या लक्षात आलं नव्हतं, असंच ना? मी दोन दिवस तेच धरून चाललोय. ताईंच्या लक्षात आलेलं नाही, म्हणून चाललंय हे."

ते मला वाट करून देत होते. मला फक्त मान हलवायची होती. आम्ही दोघांनी ते मानलं असतं आणि त्यावर पुढची वर्षं काढली असती.

"आलं होतं," मी म्हणाले.

"मग?"

"प्लेटा आत होत्या तोवर निकाल लागला नव्हता."

"काकडीचा," मास्तर म्हणाले.

"हो."

नळातून एक थेंब पडला. त्यांनी नळ घट्ट केला. "काल दुपारी तुम्ही नव्हता," ते म्हणाले. "ती म्हणाली, एक मुळा द्या हो, ताईला सांगू नका. मी चाकू घेतला होता हातात. मग म्हटलं नको. परत काही झालं तर तुम्ही काय म्हणाल. मला तो जिना आठवला."

"तो ताप रसाचा नव्हता, मास्तर."

"काय?"

"मोसंबीच्या रसाचा नव्हता. औषधाने येणारच होता. मला तेव्हाही माहीत होतं."

ते ओट्याला टेकून उभे राहिले. मला वाटलं ते ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात पँटला पुसले, दार उघडलं आणि तिच्या खोलीत गेले. थोड्या वेळाने त्यांचा आवाज ऐकू आला. एकदा एका आजोबांनी मागे घ्यायची गाडी पुढे घेतली आणि सरळ पानाच्या टपरीसमोर नेऊन उभी केली, असं काहीतरी ते तिला सांगत होते. उत्तर येत नव्हतं. ते सांगत राहिले.

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला ती गेली. मधल्या वेळात तिने चमच्याने पाणी घेतलं, बाकी काही नाही.

मी अजून अधूनमधून त्यांच्याकडे जाते. मास्तर दार उघडतात, बसा म्हणतात, चहा करतात. फ्रिजच्या दारावरची दोन पानं त्यांनी काढली आहेत, तिथे चिकटपट्टीचे चार डाग आहेत. मागच्या महिन्यात ते मला बारीक वाटले. विचारलं तेव्हा कळलं, त्यांना दहा दिवस ताप होता.

"औषध कोणतं घेतलंत? खात काय होता?"

"जे मिळेल ते."

"मला विचारायचंत तरी."

"हो," मास्तर म्हणाले, आणि माझ्या हातातला रिकामा कप घेऊन आत गेले.